रेघ नसलेला पाचवा

आधी माफी मागते. आमच्या घरात रेशनकार्डाच्या अर्जापलीकडं कुणी काही लिहिलेलं नाही. बाबांची सही तीन अक्षरांची आहे, आईची दोन. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे म्हणून मला लिहिता येतं, असं गल्लीला वाटतं. मला तसं वाटत नाही. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांच्यासाठी मी याआधी दोनदा लिहिलं, आणि दोन्ही वेळा माझ्याकडून चूक झाली. ती पुढं सांगणारच आहे. तरीही लिहिते, कारण परसूआण्णांबद्दल दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

परसूआण्णा कुठलीच वस्तू हातात देत नाहीत. फेकतात. आणि तुम्ही उभे असता तिथं फेकत नाहीत, चार पावलं पुढं फेकतात. शहापुरात, विणकरांच्या गल्लीत, आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीला लागून आहे, त्यामुळं हे मी नववीपासून सोसते आहे. मी कॉलेजला निघाले की मागून "शैले!" अशी हाक येते आणि मी वळून बघायच्या आत घराची किल्ली माझ्या पुढच्या दगडावर खणकन पडते. आईनं लिंबू मागितलं तर लिंबू गटारात. एकदा तर त्यांनी आपलं पासबुक बाबांच्या दिशेनं असं सोडलं की ते थेट भाजीवाल्याच्या मेथीत जाऊन बसलं.

"आण्णा, हातात द्या की!" आई ओरडते. "हातास्नी काय मेंदी लावलीया?"

"तू थांबलीस का पन?" आण्णांचा उलट सवाल. "चालत ऱ्हायली अस्तीस तर बरोब्बर हातात पडलं अस्तं. माणूस हाय तिथं फेकायचं नस्तंय. जाणार हाय तिथं फेकायचं."

चूक नेहमी झेलणाऱ्याची. हा त्यांचा नियम आहे.

या नियमामागं एक फाइल आहे आणि त्या फाइलमधून निघालेली एक साडी आहे. ती हकीकत आधी सांगायला हवी.

आण्णांचं काम नक्षीचे पुठ्ठे पाडण्याचं. साडीच्या काठावर कुयरी किंवा मोर हवा असेल तर आधी तो चौकटींच्या कागदावर काढतात. जिथं उभा धागा उचलायचा त्या चौकटीत फुली मारतात. मग त्या फुल्यांप्रमाणं पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे माळेसारखे ओवायचे आणि मागावर चढवायचे. माग ती भोकं वाचतो आणि नक्षी विणतो. आण्णांनी तीस वर्षं हेच केलं. हल्ली नक्षी कॉम्प्युटरवर होते, त्यामुळं त्यांच्याकडं कुणी येत नाही. पण मी लहान होते तेव्हा त्यांच्या दारात माणसं थांबलेली असायची.

त्या काळात ते रद्दीवाल्याकडून जाड कागद आणत. परदेशातून आलेली रद्दी असायची ती. एका पोत्यात त्यांना लोखंडी कड्यांची एक फाइल सापडली. पानोपानी हातानं काढलेल्या फुल्या आणि गोल. खाली गोलांची रांग, वर फुल्या, आणि गोलांमधून निघालेल्या रेघा. कुणी सरळ वर गेलेली, कुणी तिरकी, कुणी वर जाऊन गळासारखी मागं वळलेली.

फुली दिसली की आण्णांना धागाच दिसणार. हा कुठल्यातरी परमुलखातल्या विणकराचा नक्षीसंग्रह आहे अशी त्यांची खात्री पटली. आठ दिवस त्यांनी त्यात डोकं घातलं. "लई हुशार माणूस," ते बाबांना म्हणाले. "उभा धागा वर न्हेतोय आन् मधनंच वळवतोय. आपल्या बापजाद्यांनी असं केल्यालं न्हाय." मग त्यांनी त्यातल्या एका पानाचे पुठ्ठे पाडले आणि स्वतःच्या सुतावर एक साडी विणवून घेतली. झाडाच्या पानासारखी हिरवी, काठ पिवळा. काठात गोलांची रांग आणि तिच्यामधून उठणारे गळ.

दुकानदारानं साडी उलटीसुलटी करून पाहिली. "आण्णा, ह्या कुयऱ्या हाईत का मासं धरायचं गळ?"

साडी खपली नाही. ती आण्णांच्या आईंनी नेसली. दर एकादशीला त्या ती नेसून देवळात जायच्या आणि कुणी काठाबद्दल विचारलं की म्हणायच्या, "फारीनची नक्षी हाय."

मी नववीत गेल्यावर मला इंग्रजी येतं असा बोभाटा झाला आणि आण्णांनी फाइल माझ्यापुढं ठेवली. समासात बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलेलं होतं. मी बोट ठेवून वाचत गेले.

"आण्णा, ह्यात सारखं बॉल बॉल लिवलंय."

"साडीत बॉल कशाला?"

शब्दकोश झाला, मग आतेभावाचा मोबाइल झाला, आणि तेव्हा कुठं उलगडलं की हा अमेरिकेतल्या फुटबॉलचा डाव आहे. आपल्याकडच्यासारखा पायानं खेळायचा नव्हे, हातानं फेकायचा. ती फाइल कुठल्याशा शाळेच्या प्रशिक्षकाची होती. पहिल्या पानावर शाळेचं नाव आणि पत्ता होता, खाली "कोच" एवढंच. मोबाइलवर आम्ही एक सामना पाहिला. शिरस्त्राणं घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळत होती. आण्णांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "म्हंजे ही माणसं हाईत? धागं न्हवंत?"

मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. तीस वर्षं मुरलेला कारागीर, आणि खेळाच्या वहीवरून साडी विणली. पण त्यांचे डोळे चमकत होते. "आगं, म्हंजे धागं पळत्यात की!"

त्या दिवसापासून त्यांना वेड लागलं. मला तो खेळ अजून नीट कळत नाही, त्यांना महिन्याभरात कळला. एक फेकणारा मागं उभा असतो. पाच जणांना बॉल झेलायची मुभा असते. प्रत्येकाची पळायची वाट आधी ठरलेली असते आणि त्या वाटा जोडीनं रचलेल्या असतात. आण्णांच्या मते यात नवीन काही नव्हतं. मागावर धागे वर-खाली होतात, मधे फट पडते, ती मिटायच्या आत आडव्या धाग्याचा धोटा आरपार जायला हवा. फट दिसल्यावर फेकलात तर उशीर झाला. "ती पडणार हाय हे धरून सोडायचा धोटा," ते म्हणतात. "बॉलचं तसंच हाय."

वाटांची इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपली ठेवली. सरळ लांब पळत जाणं म्हणजे पदर. बाहेर वळणं म्हणजे काठ. थोडं जाऊन मागं फिरणं म्हणजे कुयरी. आणि त्यांचा सगळ्यात आवडता डाव म्हणजे "खाली कुयरी, वर काठ". एक जण जवळच थांबून मागं वळतो, दुसरा त्याच्या डोक्यावरून लांब जाऊन बाहेर वळतो. समोर राखणदार एकच. तो खालच्याला धरायला आला की वरचा मोकळा, वर पळाला की खालचा.

"राखणदार वाईट नस्तोय गं," आण्णा मला समजावत. "त्येच्यापुढं दोन कामं ठेवायची, आन् त्येला दोनच पाय. बास."

हा डाव त्यांनी पहिल्यांदा गंगाक्कांवर वापरला. गंगाक्का नळावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अर्धा तास धरून ठेवतात. आण्णांनी आईला घागर घेऊन त्यांच्याजवळ थांबायला लावलं आणि मला मागून पुढं काढलं. मी कॉलेजला वेळेवर पोचले. आई दीड तासानं घरी आली आणि आण्णांशी आठवडाभर बोलली नाही.

खरी कमाल झाली ती आमच्याच गल्लीतल्या एका लग्नात. पंगतीची व्यवस्था आण्णांकडं आली, कारण दुसरं कुणी घेईना. मुलीचे मामा जिलबीवर पहारा ठेवून होते. नेहमीची रीत अशी, की पहिल्या रांगेत मुलाकडची माणसं, तिकडं जिलबीचा ओघ. शेवटच्या रांगेत सुताच्या कांड्या भरणाऱ्या म्हाताऱ्या बायका. त्यांच्यापर्यंत पोचायचा तो बादलीच्या तळाचा चुरा. आण्णांनी वाढप्यांना भिंतीमागं बोलावून खडूनं फरशीवर रेघा काढल्या. तिघांना एकाच बाजूनं सोडलं: भात जवळून, आमटी मधून, कोशिंबीर लांबून. मामा "अहो इकडं, अहो तिकडं" करत त्या तिघांमागं धावले. तेवढ्यात जिलबीची बादली दुसऱ्या बाजूच्या भिंतीलगत शेवटच्या रांगेत जाऊन पोचली. म्हाताऱ्यांना तीनदा जिलबी मिळाली. मुलाच्या वडलांच्या पानात शेवटपर्यंत एकही पडली नाही. ते हात धुवायला उठले तेव्हा कार्यालयात शांतता होती.

"डाव बसला," आण्णा माझ्या कानात म्हणाले. त्यानंतर त्यांना पंगतीत कुणी उभं केलं नाही.

बॉल म्हणून त्यांनी सोलायचा राहिलेला नारळ घेतला होता. आकार अगदी तोच. त्याला टाकाऊ सूत गुंडाळलेलं. मंगळवारी माग बंद असतात, त्या दिवशी त्यांनी गल्लीत बाबांना, भाजीवाल्याला आणि आणखी दोघांना उभं केलं. पावलं मोजायची ती कानडीत, कारण धागेही ते कानडीतच मोजतात. "ओंदु, येरडु, मूरु!" असं एक-दोन-तीन म्हटलं की वळायचं. बाबा "येरडु"लाच वळले. नारळ त्यांच्या पाठीमागून गेला आणि गंगाक्कांच्या वाळत घातलेल्या पापडांवर उतरला.

"नारळ देवाला फोडत्यात, परसू! पापडावर न्हाय!"

"मूरुला वळायचं हुतं त्येला," आण्णा आईला म्हणाले. "तुजा नवरा एक आकडा लवकर वळला बग."

गल्ली हसली. पुढच्या मंगळवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आण्णा सूत गुंडाळलेला नारळ मांडीवर घेऊन पायरीवर बसायचे, आणि मी दिसले की "पाच मिनटं हाईत का गं?" असं विचारायचे. मला अभ्यास असायचा. खरं सांगायचं तर काही वेळा नसायचाही.

आता त्या पानाबद्दल.

फाइलच्या शेवटी एक डाव होता. पाच गोल, चार रेघा. दोन पदर, एक काठ, एक कुयरी. पाचवा गोल फेकणाऱ्याच्या बाजूला होता आणि त्याला रेघच नव्हती. समासात काही लिहिलं होतं, पण तिथं पाणी लागून शाई पसरली होती. बाकी सगळ्या पानांवर प्रत्येक गोलाला काहीतरी होतं, अगदी छोटीशी आडवी रेघ तरी. इथं काही नाही.

"ह्यो कुठं जातो?" आण्णांनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी नववीत होते. नंतर त्यांनी मला ते किती वेळा विचारलं याचा हिशेब नाही. मी इंटरनेटवर शोधलं. कळलं ते एवढंच, की असा माणूस कुठंही जाऊ शकतो. कुणी बाहेर काढतं, कुणी लांब पाठवतं. ज्याचा डाव त्याची मर्जी.

"म्हंजे कोचलाच इच्यारलं पायजे," आण्णा म्हणाले. "इसरला असंल. एवढ्या सगळ्यास्नी वाट काढून दिली, आन् ह्येलाच इसरला."

ते हे जरा जास्तच मनाला लावून घेत होते. का, ते मला आईनं एकदा भाकऱ्या थापताना सांगितलं. आण्णांचे दोन भाऊ पुण्याला, एक सुरतेला, बहीण निपाणीला दिलेली. सुरतेच्या एका मोठ्या गिरणीनं खरं तर आण्णांनाच नक्षीसाठी बोलावलं होतं. तिकीटही काढलं होतं. त्याच आठवड्यात अर्धांगानं त्यांच्या आईंची उजवी बाजू गेली. तिकिटावर भाऊ गेला. "आण्णा दोन वर्सांनी जातो म्हनालते," आई म्हणाली, आणि भाकरी उलटली. त्या साडीच्या एकादश्या म्हणजे आण्णांनी आईंना खुर्चीत घालून देवळापर्यंत नेलेल्या एकादश्या होत्या. हे दिसत असूनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

बारावीत असताना मी कोचला शाळेच्या पत्त्यावर इंग्रजीत पहिलं पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते. मराठीत सांगायचं तर त्याचा अर्थ असा होत होता, की तुमचा पाचवा माणूस कित्येक वर्षांपासून कुठे जात आहे? आमचा पत्ता मी फक्त पाकिटाच्या कोपऱ्यात लिहिला होता. पोस्टात खिडकीतल्या माणसानं परदेशाची तिकिटं नेमकी त्या पत्त्यावर ओळीनं चिकटवली. मी समोर उभी राहून बघत होते. "साहेब, खाली पत्ता आहे," एवढं मला म्हणता आलं नाही. मागं रांग होती.

ही माझी पहिली चूक. ती मी आण्णांना सांगितली नाही. त्यांनी पोस्टमनच्या फेऱ्या शिकून घेतल्या. "सरळ पदर जातोय त्यो," पायरीवरून ते मला सांगायचे. "आपल्या दारात वळतच न्हाय."

गेल्या वर्षी आण्णांच्या आई गेल्या. तेराव्याला भाऊ आले, बहीण निपाणीहून आली. संध्याकाळच्या गाडीनं सगळे परतले. जाताना पुण्याचा भाऊ म्हणाला, "परसू, आता तू मोकळा. ये की आमच्याकडं." आण्णांनी मान हलवली. सगळे गेल्यावर ते आमच्या पायरीवर येऊन बसले. आईनं चहा दिला. तो त्यांनी प्यायला नाही.

"मोकळा झालो, खरं हाय," ते म्हणाले. "पन जायाचं कुठं, ते कुणी काढून दिल्यालं न्हाय."

मी म्हणाले, आण्णा, आता ईमेल असतो, मी परत लिहिते. शाळेच्या वेबसाइटवर पत्ता मिळाला. मी रात्रीतून मजकूर तयार केला. त्या पानाचा फोटो जोडला. त्या हिरव्या साडीतला आण्णांच्या आईंचा एक फोटो होता, खुर्चीत बसलेल्या, पदर नीट घेतलेल्या. तोही जोडला. मग मजकूर वाचला आणि मला तो चुकीचा वाटला. दुसऱ्या दिवशी दुरुस्त केला. तिसऱ्या दिवशी परत. कुणीतरी इंग्रजीतलं माणूस हे वाचणार आणि हसणार, असं मनात यायचं. तो सात महिने माझ्या मोबाइलमध्ये तसाच पडून होता. ही माझी दुसरी चूक.

"काय गं?" आण्णा भिंतीपलीकडून विचारायचे.

"न्हाय आण्णा, अजून न्हाय." हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

एका रविवारी सकाळी आईनं मला त्यांना पोहे द्यायला पाठवलं. दार उघडंच होतं. आण्णा आईंच्या रिकाम्या खाटेशी पाठमोरे बसले होते. चादरीवर त्यांनी सुताच्या पाच कांड्या मांडल्या होत्या. चार कांड्या त्यांनी एकेक करून सरकवत खाटेच्या कडेपर्यंत नेल्या. पाचवीवर बोट ठेवलं आणि ते अगदी हळू म्हणाले, "तू थांब जरा. ईल पत्र."

मी पोह्यांची ताटली उंबऱ्यावर ठेवून परत आले. घरात येऊन मोबाइल काढला आणि मजकूर न वाचता पाठवून दिला. त्यात चुका होत्या. असू देत.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. मी वर्गात होते. तास अर्धा टाकून निघाले, बस सोडली, चालत आले, कारण बसमध्ये उभं राहणं जमलं नसतं. आण्णा आपल्या घरातल्या बंद मागाच्या फळीवर बसले होते. मी दारातच उभी राहिले आणि मला धाप लागली होती.

"आण्णा, आलं."

ते उठले नाहीत. म्हणाले, "वाच."

उत्तर कोचच्या मुलीचं होतं. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले. वडील आता फार म्हातारे झाले आहेत, खिडकीशी खुर्चीत बसून असतात. कधी कधी मलाही ओळखत नाहीत. शाळेनं तुमचं पत्र पुढं धाडलं. साडीचा फोटो दाखवला तेव्हा ते कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले आणि विचारू लागले, माझा डाव नेसून बसलेली ही बाई कोण?

आण्णांनी गळ्यातल्या टॉवेलानं तोंड पुसलं. "फुडं."

पुढं लिहिलं होतं: ते पान दाखवल्यावर त्यांना आठवावं लागलं नाही. तुमचा प्रश्न मी त्यांना वाचून दाखवला आणि त्यांनी दिलेलं उत्तर जसंच्या तसं कळवते. तो पाचवा कुठं जात नाही. तो फेकणाऱ्याजवळ थांबतो. अंगावर येणाऱ्याला तो अडवतो, तेवढ्या वेळात बाकीचे चौघे लांब जातात. जो सगळ्यात भरवशाचा असेल त्यालाच मी तिथं ठेवायचो.

मागाच्या फळीवर आण्णांचं बोट हळूहळू पुढं-मागं फिरत होतं. पलीकडं आमचा माग चालू होता, त्याचा आवाज भिंतीतून येत होता.

"म्हंजे इसरला न्हवता," ते शेवटी म्हणाले.

"न्हाय आण्णा."

त्यांनी हात पुढं केला. मी मोबाइल दिला. ती इंग्रजी अक्षरं त्यांनी बराच वेळ पाहिली, फोटोतल्या आईंना पाहिलं. मग ते उठले, दारापर्यंत चालत आले आणि मोबाइल माझ्या हातात ठेवला. फेकला नाही.

"तेवढंच परत वाच," ते म्हणाले. "ह्यो कुठं जातो, तेवढंच."

मी वाचलं. तो कुठं जात नाही. तो जवळ थांबतो.